सायीच्या रंगाची सीट

१

फोक्को बेरेन्ट्सला गावात कुणी फोक्को म्हणत नसे. सगळे डागवाला म्हणत, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटत नसे. आमच्या समुद्राकाठच्या सपाट मुलखात ना डोंगर, ना झाडी. माणसाने दुसऱ्याला नावं ठेवायची नाहीत तर दिवसभर करायचं काय?

घराला लागून जुना गोठा होता. गाई गेल्या, पण वास मागे राहिला. त्या गोठ्यात फोक्को लोकांच्या गाड्या आतून धुऊन द्यायचा. गुरांच्या डॉक्टरच्या सीटवर वासराच्या पोटातलं काय काय सांडलेलं असे, ते तो काढी. एकदा पाद्रीबाबांच्या सीटवर तांबडा डाग होता. ते म्हणाले, "चेरीचा रस सांडला, फोक्को." फोक्कोने वास घेतला आणि म्हणाला, "हो, पण रस चांगला मुरलेला दिसतो." पुढचे दोन महिने पाद्रीबाबांचं प्रवचन फार लांबलं नाही.

फिकट चामड्याच्या सीटा ही त्याची खासियत. पांढरट चामडं म्हणजे नव्या नवरीसारखं, सगळं सोसतं आणि सगळं लक्षात ठेवतं. वरचा रंगाचा थर कांद्याच्या पापुद्र्याएवढा. जोर लावलात तर डागाबरोबर रंगही येतो, आणि मग बसा बोंबलत. लोक व्हिनेगर चोळतात, लिंबू चोळतात, नखांचा रंग काढायचं पाणी चोळतात आणि मग रडत फोक्कोकडे येतात. फोक्को फेस ब्रशवर घेई, चामड्यावर नाही. हात हलका ठेवी, बाहेरून आत जाई, आणि पुसायला फडकं घेई ते शुभ्र पांढरं. त्या फडक्यावर काय उतरलं हे बघितल्याशिवाय तो पुढे जात नसे.

"डाग मरत नाही," तो सांगायचा. "बिऱ्हाड बदलतो. सीटवरून फडक्यावर, फडक्यावरून बादलीत, बादलीतून कालव्यात, कालव्यातून समुद्रात. पुढचं डॅनिश लोकांनी बघावं."

त्या नोव्हेंबरात गोठ्यात उभी होती ती गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती. घरचीच होती. लेक वीबके बाळंतपणाला माहेरी आली होती, जावई बोटीवर, कुठल्याशा चिनी बंदरात. नातीला दवाखान्यातून घरी आणायला धड गाडी हवी म्हणून फोक्कोने जवळच्या एम्डेन शहरातल्या विक्रेत्याकडून ही घेतली. बाहेरून राखाडी, आतून सायीच्या रंगाची.

"लेकुरवाळीला पांढऱ्या सीटा," त्याची बायको गेशे म्हणाली. "डुकराला रेशमी झबलं शिवून घे एखादं."

"घरात डागवाला असताना लोकांनी कशाला घाबरायचं?"

"मी डागाला नाही घाबरत. मी तुझ्या अकलेला घाबरते."

मुलगी मंगळवारी झाली. नाव ठेवलं ताल्के. शुक्रवारी घरी सोडणार होते. तोवर फोक्कोच्या डोक्यात एकच गोष्ट: मागची उजवीकडची सीट. बाळाची टोपली तिथेच बांधायची होती, आणि नेमका तिथेच डाग होता.

२

विकत घेताना तो कसा दिसला नाही हेच फोक्कोला कळेना. लोकांच्या गाडीतली मुंगी त्याला दिसते.

डाग दोन पट्ट्यांचा होता, शेजारी शेजारी, मांड्या टेकाव्यात तशा. वर पाठीच्या जागी एक रुंद, पुसट ढग. जीन्सचा रंग उतरतो तो निळा असतो. हा तपकिरी होता, पाणचट चहासारखा. कुणीतरी तिथे फार वेळ बसलं होतं. आता सीटवर माणूस बसतो म्हणजे डाग पडायचाच, त्यात नवल नाही.

नवल होतं कडेचं.

गाडीत चढताना माणूस सीटच्या कडेवरून घसरत आत जातो आणि उतरताना घसरत बाहेर येतो. म्हणून कड आधी मळते, मग मधला भाग. तीस वर्षांत फोक्कोने याला अपवाद पाहिला नव्हता. इथे मधला भाग तपकिरी, आणि कड दुधासारखी कोरी. म्हणजे बसणारा बसला होता, पण चढला नव्हता. आणि उतरलाही नव्हता.

फोक्को स्वतःशीच हसला. म्हटलं, विक्रेत्याने कड तेवढी पुसून घेतली असेल, कंजूष लेकाचा.

त्याने डोकं टेकायच्या उशीच्या मागे, कुणाला न दिसणाऱ्या जागी औषध लावून बघितलं. रंग हलला नाही. मग ब्रशवर फेस घेऊन तो कामाला लागला. हलका हात, गोल गोल. डाग ऐकत होता. पट्ट्या फिकट झाल्या, ढग विरला. फोक्कोने फडक्याने पुसलं आणि सवयीने उलटून बघितलं.

फडकं पांढरं होतं.

त्याने ते खिडकीशी नेलं. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की खिडकीच जणू पांढऱ्या फडक्याने झाकली होती. त्या उजेडात त्याने फडकं ताणून धरलं. फेसाची ओल होती, बाकी काही नाही. दुसरं घेतलं. तेही कोरं. सीट मात्र स्वच्छ.

मग गेला कुठे?

असेल, त्याने मनाला समजावलं. फेसातच विरघळला असेल. आणि तो हात धुवायला नळाकडे वळला.

पाठीमागे सुस्कारा आला.

हा आवाज फोक्कोच्या रोजच्या ओळखीचा होता. चामड्याच्या गादीवर कुणी बसलं की आतली हवा शिवणीतून बाहेर पडते, लांब आणि मऊ: हूऽऽ. माणूस उठला की गादी तीच हवा हळूहळू परत ओढून घेते. बसताना सुस्कारा, उठताना श्वास. दिवसातून शंभरदा ऐकलेली जोडी.

आत्ता आला तो सुस्कारा होता. फोक्को नळ बंद करून उभा राहिला, श्वासाची वाट बघत. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डाग परत जागेवर होता. पहिल्यापेक्षा गडद.

"खोलवरचा असणार," न्याहारीला तो गेशेला म्हणाला. "वाळताना वर येतो. असं होतं कधीकधी."

"मग आणखी घास."

"घासत नसतात, गेशे. लाड करायचे असतात."

"माझे कधी केलेस ते?" असं म्हणून तिने पावाला लोणी लावलं आणि दवाखान्यात न्यायच्या पिशवीत नातीचं विणलेलं पांढरं पांघरूण घडी करून ठेवलं, मग परत काढून ठेवलं. दवाखान्यात मळायला नको, घरी आल्यावर वापरू.

फोक्कोने दिवसभर लाड केले. डाग जाई, फडकं कोरं राही, तो वळला की सुस्कारा येई, आणि डाग परत येई. संध्याकाळी त्याने सीटवर हात ठेवून बघितला. गोठा इतका गार होता की तोंडातून वाफ येत होती. इतर सीटा बर्फासारख्या लागत होत्या. ती नव्हती.

३

गुरुवारी शेजारचा हिन्नर्क आला. दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला, आणि तेव्हापासून दुसऱ्यांची कामं उभ्याने बघणं हाच त्याचा धंदा.

"मोइन, डागवाल्या," त्याने आमच्याकडचा रामराम घातला. "ऐकलं तुझं नाक कापलं म्हणून."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्याच बायकोने. बेकरीत. सगळ्यांसमोर." हिन्नर्कने गाडीत डोकावून बघितलं. "अरे, हे तर कुणाचं तरी बूड आहे."

"जात नाहीये. उद्या पोर आणायचीय यात. तिथे टोपली बांधायचीय."

"जात कसं नाही? नीट सांगितलंस का त्याला?" हिन्नर्कने मिशीवरून हात फिरवला. "पाहुण्याला ढकलून घालवायचं नसतं, फोक्को. पाहुण्याला चहा द्यायचा असतो. तीन कप झाले की तो आपणहून उठतो."

आता हे खरंच आहे. आमच्याकडे पाहुण्याचा तीन कपांचा हक्क आहे. कपात आधी खडीसाखर, मग कडक चहा, मग कडेने हळूच साय. ढवळायचं नाही. चमचा बशीत पडून असतो, आणि त्याचं काम एकच: पुरे झालं की पाहुण्याने तो कपात टाकायचा. जोवर चमचा कपात पडत नाही तोवर यजमानाने ओतत राहायचं. बाहेरगावचे लोक हे न कळून कपामागून कप पितात आणि मग परसाकडे पळतात. आम्ही त्यांना सांगत नाही. करमणूक आहे ती.

फोक्को थकला होता, चिडला होता, आणि थकलेल्या चिडलेल्या माणसाला विनोद लवकर सुचतो. त्याने मागचं दार सताड उघडलं, टोपी काढली आणि कमरेत वाकला.

"या, पाहुणे. फार वेळ बसलात. उतरा आता. आत चहा टाकलाय, खुर्ची मऊ आहे, माझी बायको सुरेख दिसते."

हिन्नर्क हसत सुटला. "चष्मा लावून बघ बायकोला."

आणि गादीने श्वास घेतला.

हळू, लांब, तळापर्यंत. दोघांनी ऐकला. मधला चेपलेला भाग भाकरीसारखा वर आला, आणि चामड्यावरच्या सुरकुत्या एकेक करून मिटल्या. फोक्कोच्या विजारीला एक गार झुळूक चाटून गेली. गोठ्यातून स्वयंपाकघरात जायचं लाकडी दार थोडं आत ढकललं गेलं आणि परत टेकलं.

हिन्नर्कचं हसू तोंडावरच वाळलं. "वारा," तो म्हणाला.

"धुक्यात?"

"मग काय, मी हवामान खात्यात आहे का?" त्याने घड्याळ बघितलं. त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. "निघतो. बायको वाट बघत असेल." हिन्नर्कची बायको त्याची वाट बघत असणं हे गावात कुणीही खरं मानलं नसतं.

फोक्कोने सीट बघितली. पट्ट्या गेल्या होत्या. ढग गेला होता. फक्त कडेवर, जिथे इतके दिवस काही नव्हतं, तिथे तपकिरी ओघळासारखी एक रेघ उमटली होती, कुणी घसरत उतरावं तशी.

त्याने ती पुसली. यावेळी फडकं मळलं.

फडक्यावरचा तो घाणेरडा डाग बघून त्याचा जीव भांड्यात पडला. बिऱ्हाड बदललं. सुटलो. त्याने फडकं बादलीत टाकलं, सीटवर मलम लावलं, आणि टोपली तिथे बांधून दोनदा हलवून बघितली. सीट थंडगार होती, इतर सीटांसारखी. नात निर्धास्त घरी येईल. शिट्टी वाजवत तो आत गेला.

४

गेशे दवाखान्यात होती. टेबलावर तिने झाकून ठेवलेली बिस्किटं, चुलीवर किटली, भिंतीवरच्या घड्याळाची टकटक. फोक्कोने चहा केला. एक कप मांडला. मग, का कोण जाणे, मघाशी शब्द दिला होता म्हणून असेल, किंवा गंमत पुरी करावी म्हणून असेल, त्याने समोर दुसरा मांडला. बशीत चमचा ठेवला. दोन्हीत खडीसाखर टाकली.

आपल्या कपात चहा ओतला. गरम चहाने खडीसाखर तडकली: टिक. आमच्या कानाला याहून गोड आवाज नाही.

आणि समोरच्या रिकाम्या कपात तडकली: टिक.

फोक्को किटली धरून तसाच राहिला. साखर आहे, तो मनात म्हणाला. गारठ्यात तडकते. पण त्याची नजर कपावरून मागे गेली, खिडकीजवळच्या खुर्चीवर.

त्या खुर्च्यांच्या गाद्या त्यानेच शिवल्या होत्या, उरलेल्या फिकट चामड्याच्या. गेशेला अभिमान होता त्यांचा. खिडकीजवळच्या गादीवर दोन पट्ट्या होत्या, शेजारी शेजारी. पाठीला ढग. आणि गादी मधोमध चेपलेली.

धाबं दणाणलं म्हणतात ते असं. पण पळायचं कुठे? स्वतःच्याच स्वयंपाकघरातून माणूस पळून जातो कुठे, आणि लोकांना सांगतो काय? शिवाय पळाला असता तर हे उद्याही इथेच असतं, आणि उद्या ताल्के येणार होती. या टेबलाशी, या खिडकीशी, जिथे गेशेने पाळणा ठेवायला जागा झाडून ठेवली होती.

पाहुण्याला ढकलून घालवायचं नसतं.

त्याने ओतलं. थोडा चहा बशीत सांडला. कडेने साय सोडली. सायीचा ढग वर येऊन पसरला. मग तो ढग कपाच्या अलीकडच्या कडेला सरकला आणि तिथे गोळा होऊन राहिला, कुणी पलीकडून फुंकर घातल्यावर सरकतो तसा.

"घ्या," फोक्को म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही. "आमच्याकडचं पाणी चहाला चांगलं आहे."

घड्याळ टकटकत राहिलं. चहा कमी झाला नाही, पण पाहता पाहता गार पडला. कपाला हात लावला तर विहिरीतून काढल्यासारखा. फोक्कोने तो मोरीत ओतला आणि नवा भरला. तोही गार झाला. तिसरा भरला.

"तीन झाले," तो म्हणाला. "हक्काचे तीन. आता घरी कुणी वाट बघत असेल."

चमचा बशीत होता. फोक्को त्याच्याकडे बघत बसला, जसं जुगारी माणूस फाशाकडे बघतो. पडेल. आता पडेल. चमचा हलला नाही.

मग फोक्कोने लबाडी केली. उठून त्याने स्वतःच चमचा उचलला आणि पाहुण्याच्या कपात टाकला. टण्. "झालं तर मग. भेटून आनंद झाला."

ओसरीत फोन वाजला. तो धावत गेला. वीबके होती.

"बाबा, उद्या सकाळीच सोडतायत. गाडी झाली का तयार?"

"झाली. लख्ख."

"असा काय बोलतोयस?"

"कसा?"

"घरात कुणी झोपलंय आणि जागं होईल असा."

"थकलोय गं. नात झाली म्हणजे मी आजोबा झालो, आजोबा असेच बोलतात."

तो परत आला. चमचा बशीत होता. ओला, आणि पुसून सरळ ठेवल्यासारखा.

फोक्कोने खुर्चीच्या पाठीला धरलं. ही खुर्ची गेशे एका हाताने उचलून खालचं झाडायची. ती हलेना. त्याने दोन्ही हात लावले, पाय रोवले. खुर्ची फरशीवर वीतभर खरखरली आणि थांबली, आणि त्याच्या मनगटावर आतल्या बाजूने काहीतरी टेकलं. हलकं, ऊबदार. एखादा म्हातारा आपल्याला म्हणतो ना, राहू दे, कशाला त्रास, तसं.

गेशे आली तेव्हा तो गोठ्यात बसला होता, गाडीत, पुढच्या सीटवर, दार लावून.

"खिडकीजवळच्या गादीवर काय सांडलंस?"

"ती खुर्ची काढून टाकू, गेशे. जाळून टाकू."

"रविवारी बाळ बघायला अर्धं गाव येणार. आधीच खुर्च्या कमी, आणि हा जाळायला निघाला." तिने काचेतून त्याच्याकडे नीट बघितलं. "तेलकट विजारीने बसला असशील. आणि आता मलाच शहाणपणा शिकवतोस."

"त्यावर कुणाला बसू देऊ नकोस."

"मीच बसले आत्ता बूट काढायला," गेशे म्हणाली. "छान ऊब होती."

५

शुक्रवारी ताल्के घरी आली. स्वच्छ सीटवर, टोपलीत, झोपलेली. फोक्कोने गाडी इतकी हळू चालवली की मागून येणाऱ्या ट्रॅक्टरने भोंगा वाजवला.

आल्या आल्या त्याने पाळणा स्वयंपाकघरातून हलवून माजघरात नेला. वारा येतो म्हणाला. वीबके म्हणाली, खिडकी तर बंद आहे. गेशे म्हणाली, याला नात झाली आणि याचं डोकं गेलं, दोन्ही एकाच आठवड्यात. दोन दिवस तो पाळण्याशेजारी बसून राहिला आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेत राहिला. त्या दाराआडून अधूनमधून टिक असा आवाज यायचा. गेशे म्हणायची, घर जुनं आहे.

रविवारी दुपारी लोक आले. महिनोन्‌महिने ब्रँडीत मुरवलेले मनुके गेशेने छोट्या चांदीच्या वाट्यांत वाढले. किटलीवर किटली चढली. हिन्नर्क बायकोला घेऊन आला. पाद्रीबाबा आले, मनुके त्यांनी तीनदा घेतले, फक्त मनुक्यांसाठी. फोक्कोने सगळ्यांचे कोट घेतले आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर एकावर एक रचले, डोंगर होईपर्यंत. बघू आता कोण बसतंय.

हिन्नर्क त्याच्या कानाशी आला. "गेला का रे तो?"

"गाडीतून गेला."

"मग बरं झालं," हिन्नर्क म्हणाला, आणि पुढे काहीही विचारलं नाही. मोठा शूर माणूस.

रिवाजाप्रमाणे बाळ हातोहात फिरू लागलं. ज्याच्याकडे ताल्के जाई तो म्हणे, आजोबांवर गेलीय बिचारी. फोक्कोची नजर तिच्या पांढऱ्या पांघरुणावर खिळलेली. ते ज्या हातात जाई तिकडे तो मान वळवी. सगळे हात ओळखीचे होते. हिन्नर्कची बायको. बेकरीवाली. पाद्रीबाबा, घाबरून, काचेचं भांडं धरल्यासारखे.

"फोक्को, लाकडं आण रे," गेशे म्हणाली. "लोक गारठतायत."

तो उठला. जाताना खुर्चीकडे बघितलं. कोटांचा डोंगर होता. तो गोठ्यात गेला, लाकडं उचलली, आणि वळला तेव्हा दाराआडून गेशेचा आवाज आला: "हे काय, कोट असे कुणी टाकतं का? द्या इकडे, आत पलंगावर ठेवते."

लाकडं हातातून पडली. तो आत आला.

सगळे बोलत होते. वीबके हसत होती, कपात साय सोडत होती. हिन्नर्क टँकर बर्फात उलटल्याची ती जुनी गोष्ट सांगत होता, जिच्यात दरवर्षी दूध वाढतं. पाद्रीबाबांचे हात रिकामे होते. बेकरीवालीचे हात रिकामे होते.

"ताल्के कुठेय?" फोक्को म्हणाला.

"तुझ्या पाद्रीबाबांकडे," वीबके म्हणाली.

"मी दिली ना पुढे," पाद्रीबाबा म्हणाले, आणि खिडकीकडे हात केला. "यांच्याकडे."

खिडकीच्या पांढऱ्या उजेडात खुर्ची होती. ताल्के तिथे होती. जागी, गप्प, डोळे उघडे, वर कुठेतरी बघत. ती गादीवर नव्हती. गादीच्या वर होती, वीतभर वर, आणि पांघरुणाच्या खालच्या बाजूला दोन गोल उंचवटे होते, दोन्हीच्या मध्ये कापड सैल लोंबत होतं, मांडीवर घेतलेल्या पोराचं लोंबतं तसं. ते उंचवटे संथपणे वरखाली होत होते. पोर झोपवताना माणूस गुडघे हलवतो, तसे.

फोक्को कसा पोचला ते त्याला आठवत नाही. त्याने तिला उचलून छातीशी धरलं. पोर घेताना समोरचा सोडत नसला की हातांना जे जाणवतं ते त्याला जाणवलं: किंचित ओढ, एक क्षण, मग सोडलं. मागे गादीने सुस्कारा सोडला नाही आणि श्वासही घेतला नाही. बसलेला बसूनच होता.

"अरे, हळू," वीबके म्हणाली. "खुर्चीवरून हिसकावतोस काय तिला?"

ताल्के रडली नाही. तिने जांभई दिली. फोक्कोने पांघरूण उलटून बघितलं. पांढऱ्या लोकरीवर दोन पट्ट्या होत्या, शेजारी शेजारी, पाणचट चहाच्या रंगाच्या.

"बघा," गेशे म्हणाली. "तिसऱ्याच दिवशी मळवलं. दे इकडे, ओल्या फडक्याने पुसते."

"नको."

"वाळला की जायचा नाही."

"राहू दे," फोक्को म्हणाला. पुसला की डाग मरत नाही. पांघरुणाला लागून पोर होती, आणि पुसल्यावर तो कुठे बिऱ्हाड करेल हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "हात लावू नकोस. डाग राहू दे."

सगळं घर हसलं. हिन्नर्क सोडून सगळे. "डागवाला म्हणतो डाग राहू दे," बेकरीवाली डोळे पुसत म्हणाली. "आजोबा झाला हो, नक्की झाला." फोक्को नातीला घट्ट धरून भिंतीला पाठ लावून उभा राहिला आणि एकेका चेहऱ्याकडे बघू लागला, कुणीतरी 'चला, निघू' म्हणावं म्हणून, कुणीतरी कोट मागावा म्हणून. कुणी उठलं नाही. पण कपांत चमचे पडू लागले, टण्, टण्, इकडून तिकडून, एकेकाचं पोट भरल्याची खूण. वीबकेने टाकला. पाद्रीबाबांनी टाकला.

गेशे किटली घेऊन फिरत होती. खिडकीशी ती थांबली. खुर्चीसमोर टेबलाच्या कडेला एक कप होता, काठोकाठ गार, आणि बशीत चमचा सरळ ठेवलेला.

"हा कुणाचा?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट बघितली नाही. घरात पाहुणे असताना असल्या गोष्टी विचारायच्या नसतात. तिने गार चहा मोरीत ओतला, कपात खडीसाखरेचा खडा टाकला, आणि किटली वाकवली.

टिक.

"घ्या," गेशे म्हणाली, आपल्या गोड पाहुण्यांच्या आवाजात. "अजून बराच आहे."